सोडायला उरली ती पुडी

मोठ्या भाऊजींचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. दुसऱ्या दिवशी पोळा, त्यामुळं पोरांचं चित्त आधीच ठिकाणावर नव्हतं. भाऊजी मला कधी सरळ फोन करत नाहीत, काय सांगायचं ते धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगतात. स्क्रीनवर त्यांचं नाव बघून मी हजेरी तशीच टाकून बाहेर आले. "हिला उठवायलोय मघाधरनं," ते म्हणाले, "उठंना ही…" आणि फोन तसाच चालू ठेवून ते कुणाला तरी हाका मारत राहिले. वसमतहून आम्ही कुरुंद्याला पोचलो तेव्हा ओसरीत बाया जमल्या होत्या आणि आक्काला मधोमध निजवलं होतं. तोंड गोल, गाल भरलेले. एक बाई दुसरीला म्हणाली, "काय तेज हाय बघा मावशीच्या तोंडावर, दुखणेकरी म्हणून कोण म्हणंल?" मला त्या बाईला ओसरीवरून खाली ढकलावंसं वाटलं. खरंच वाटलं.

अनसाबाई माझी थोरली जाऊ. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, मीही. साठीही गाठली नव्हती तिनं. बसायला आलेल्यांनी आपापली कारणं सांगितली. कुणी म्हणालं अटॅक, कुणी म्हणालं पित्त डोक्यात गेलं, आणि एक शहाणी म्हणाली, "सुटली बिचारी." सुटली! दाखल्यावर लिहून आलंय की हृदय बंद पडलं. अहो, शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं, नवल ते काय? माझं म्हणणं असं, की आक्का सांध्यांच्या दुखण्यानं गेली, आणि त्या दुखण्याला कुणी दुखणं मानलं नाही म्हणून गेली. घरात हे बोलले की माणसं तोंड फिरवतात. नणंद म्हणते, "झालं गेलं गंगेला मिळालं." मिळालं नाही. ते अजून बाजारात पुड्या बांधून विकायला बसलंय, म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन आले तेव्हा आक्काच्या हातांची गावात वट होती. हळद उकरून काढली की गड्ड्यापासून कांड्या मोडून वेगळ्या करायच्या असतात, बाया रांगेनं बसून ते काम करतात. आक्का रांगेत बसली की शेजारच्या बाईला लाज वाटायची, इतका तिचा ढीग भराभर वाढायचा. बोलायची पण हातागणिक. मला भाकरी नीट थापता यायची नाही, तर म्हणायची, "मास्तरीणबाई, ही भाकरी हाय का हिंगोली जिल्ह्याचा नकाशा?" आणि माझ्या हातातला गोळा काढून घेऊन दोन फटक्यांत गोल करून तव्यावर टाकायची. हळदीच्या दिवसांत तिचे तळवे पिवळेधमक असायचे, साबणानं घासले तरी महिना महिना जायचे नाहीत. मी नोकरीनिमित्त वसमतला राहायला गेले तरी सणावाराला त्या हातचं खायला कुरुंद्याला धावायचे.

ज्योतीच्या, म्हणजे तिच्या एकुलत्या एक लेकीच्या, लग्नाच्या पुढं-मागं ते हात बिघडायला लागले. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत. बांगड्या चढेनात. ऊन वर आलं की हळूहळू सैल पडायचे, म्हणून लोकांना वाटायचं ढोंग करते. "सकाळी कामाच्या टायमालाच बरं दुखतेत," असं तिची सासू म्हणजे माझीही सासू, गेली बिचारी, रोज ऐकवायची. हे सकाळचं आखडणंच त्या आजाराची खूण असते, हे मला पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आमच्या घरात त्याचं एकच नाव होतं, वात. आणि वात म्हटलं की प्रत्येकाला उपाय माहीत. हळदीच्या मुलखात राहतो आम्ही, सगळ्यात आधी हळद! तेलात हळद कढवून बांध, रुईचं पान शेकून बांध. मग खाणं सोडायला लावलं. दही वातूळ, सोड. चिंच सोड. वांगं सोड, हरभऱ्याची डाळ सोड. अंबाडीची भाजी म्हणजे आक्काचा जीव की प्राण, आंबट म्हणून तीही सोडली. घरात पाहुणा आला की हिच्या ताटात पातळ मुगाचं वरण. बोटं तरी वाकडी ती वाकडीच होत चालली, करंगळीकडं झुकायला लागली.

दवाखान्यात जात नव्हती असं नाही हां. जायची. दुखणं थांबायची गोळी आणि चोळायला मलम मिळायचं. एकदा गावात तपासणीचं शिबिर झालं. रक्तदाब बघितला, साखर बघितली, डोळे बघितले. आक्कानं दोन्ही हात पुढं केले. तिथला पोरसवदा डॉक्टर म्हणाला, "मावशी, वयानुसार होतं. काम कमी करा." हे सांगताना आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "मास्तरीण, त्याला इचारायचं राहिलंच बघ, कमी केलेलं काम कुणाकडं देऊ? तुझ्या भाऊजीकडं?" भाऊजी शेजारीच बसले होते, तेही हसले. मी नाही हसले. गरोदर बाईची नोंद घरी येऊन घेतात, ताप आलेल्याचं रक्त घरी येऊन घेतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गावात फिरून बघा, दर दहा-पाच घरांआड एक बाई सकाळी हात धरून चुलीपुढं बसलेली दिसेल. तिला कुणी विचारत नाही. ती मरत नाही ना, नुसती वाकत जाते. वाकलेली बाई आपल्याला बघून बघून सवयीची झालीये.

शेवटी मीच तिला नांदेडला घेऊन गेले. सांध्यांच्या आजाराचे खास डॉक्टर. आमच्या जिल्ह्यात मला कुणी सापडले नाहीत, असले तर माझं चुकलं. त्यांनी हात बघितले, रक्त तपासलं आणि स्वच्छ सांगितलं. हा झिजेचा वात नाही. शरीराची राखण करणारी ताकदच उलटून सांध्यांना खाते. वयाचा संबंध नाही, तरण्या बायांनाही होतो. औषध आहे. पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतील, मधून मधून रक्त तपासावं लागेल आणि औषध मनानं सोडायचं नाही. "हात वाकडे झालेत ते सरळ होणार नाहीत," ते म्हणाले, "पण पुढचं थांबवता येईल." आक्कानं सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "मानूस चांगला हाय. पन दोन-तीन महिने? तव्हर हळद निघून शिजून वाळून जाईल की गं." महिनाभर तिनं गोळ्या घेतल्या. फरक दिसेना. रक्त तपासायला परत नांदेड गाठायचं, म्हणजे एक दिवस मोडायचा आणि सोबतीला माणूस हवं. शेजारणी सांगू लागल्या, गरम औषध आहे, रक्त काढून काढून वाळवतील तुला. गोळ्या बंद पडल्या.

आणि मग तो बाबा आला. बाजारोबाजार फिरून पुड्या विकणारा, आज कळमनुरी तर उद्या आणखी कुठं. सतरंजीवर मुळ्या मांडलेल्या, भोंग्यातून ओरडणं, "वात, संधिवात, कंबरदुखी… शुद्ध झाडपाला, कोनताच साइड इफेक्ट न्हाई!" भाऊजींनी तिथून पुडी आणली. दोन-तीन दिवसांत आक्काची मूठ वळली. खोटं का बोलू, मी स्वतः बघितलंय. ती एकटी जीपमध्ये बसून वसमतला माझ्या दारात उभी राहिली, पदर खोचला आणि माझ्या ओट्यावर धपाटे थापले. थापताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघ, बघ," म्हणायची आणि बोटं उघडझाप करून दाखवायची. इतक्या वर्षांनी स्वतःच्या हातानं वेणी घातली होती बाईनं. त्या घडीला मला कुणी सांगितलं असतं की ह्यात विष आहे, तरी तिच्या हातातून ती पुडी काढून घ्यायची माझी छाती झाली नसती. दोष द्यायचा तर त्या बाबाला द्या, आक्काला कुणी काही म्हणायचं नाही.

पुढं तिचं तोंड भरायला लागलं. गाल वर आले, अंगावर मांस दिसायला लागलं. आमच्याकडं बाई जाड झाली की तिला सुख लागलं म्हणतात. सगळ्यांनी तेच म्हटलं. "आक्काला झाडपाला मानवला!" भाऊजी चारचौघांत मिशीवरून हात फिरवून सांगायचे की नांदेडच्या डॉक्टरला जमलं नाही ते आपण करून दाखवलं. तिच्यामुळं गावातल्या किती बायांनी तीच पुडी चालू केली देव जाणे, आक्काचे गोल गाल म्हणजे त्या बाबाची फुकटची जाहिरात झाली होती. पण हातपाय काटकुळे होत चालले होते, नुसता धक्का लागला तरी कातडीखाली काळंनिळं व्हायचं. मी म्हणायचे, "आक्का, तुमी एकदा त्या डॉक्टरांना दाखवा." ती चिडायची. "तुझ्या डाक्टरनं महिने मागितले, ह्यानं दोन दिसात हात दिले. आता तू काहून मागं लागून राहिलीस? तुला माझं बरं बघवंना व्हय?" मग आम्ही महिनाभर बोलायचो नाही. मग तीच फोन करायची, "मास्तरीण, मेली का जिती हाईस?"

ह्या श्रावणात ती अचानक पुन्हा अंथरुणाला लागली. हात तर आखडलेच, शिवाय अन्नावरची वासना गेली, उलट्या, उठलं की डोळ्यापुढं अंधारी. मी शनिवारी जाऊन आले. हसली माझ्याकडं बघून, पण फार बोलली नाही. "पित्त झालंय," म्हणाली, "होईल बरं." तालुक्याच्या डॉक्टरकडं भाऊजी घेऊन गेले होते. त्यांनी नेमाप्रमाणं विचारलं, "कोणतं औषध चालू आहे का?" भाऊजी म्हणाले, "न्हाई साहेब, काईच न्हाई." सलाइन लावलं, जरा तरतरी आली, घरी आणलं. एक-दोन दिवस बरे गेले आणि मग पोळ्याच्या आदल्या दिवशीचा तो फोन. घरात सुतक, बैलांना ना झूल ना बेगड. गोठ्यात उभे होते बापडे नुसते.

तेरावं झाल्यावर मी तिच्या उशाखालच्या पुड्या घेऊन एकटीच नांदेडला त्याच डॉक्टरांकडं गेले. घरात कुणाला सांगितलं नाही. त्यांना आक्का आठवत होती. पुडी उघडून बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "तपासून घेऊ, पण मला जवळपास खात्री आहे. ह्या पुड्यांत स्टेरॉइड कुटून घालतात. तोंडावरची सूज त्याचीच." ते औषध वाईट नाही म्हणे, डॉक्टरही देतात, पण मोजून आणि लक्ष ठेवून. वर्षानुवर्षं बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. मग एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळतो, माणूस हातचं जातं. त्यांनी विचारलं, "पुड्या बंद केल्या होत्या का त्यांनी?" मी म्हणाले, छे, ती पुडीशिवाय दिवस काढायची नाही. "मग ह्या एवढ्या उरल्या कशा?" असं त्यांनी विचारलं. पिशवी भरून होत्या.

उत्तर ज्योतीकडं होतं. ज्योती पुसेगावला दिलेली. तिची आधीची दोन लेकरं सातव्या महिन्यात गेली होती, आणि आता तिसऱ्या खेपेला तिला आषाढात सातवा लागला होता. मी नांदेडच्या बसस्टँडवरूनच तिला फोन लावला. ती हुंदके द्यायला लागली. आक्कानं गावच्या टेकडीवरच्या देवीला नवस बोलला होता. लेकीचं लेकरू सुखरूप हातात येईस्तोवर आवडीची वस्तू सोडीन. असा नवस कुणाला सांगायचा नसतो, सांगितला तर फळत नाही म्हणतात. फक्त ज्योतीला फोनवर हसत हसत म्हणाली होती, "देवीला म्हणलं, दही सोडलंय, वांगं सोडलंय, अंबाडी सोडली. माझ्यापाशी आता सोडायला ऱ्हायलंय काय? एक पुडी हाय. ती घे. झाडपालाच तर हाय, त्यानं काय व्हतंय? जरा दुखंल. दुखू दे." त्या स्टँडवर, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत, मी मोठ्यानं रडले. देवीवर माझा राग नाही. तिनं पुडी मागितली नव्हती. माझा राग झाडपाला म्हणून विकणाऱ्यावर आहे, ते विकू देणाऱ्यांवर आहे, आणि काम कमी करा म्हणून हात न बघताच पुढच्या बाईला बोलावणाऱ्यावर आहे. एका तरी माणसानं तिला सांगायला हवं होतं, की बाई, ही एकाएकी सोडू नको.

नवरात्रात ज्योतीला मुलगी झाली, सुखरूप. गावानं लगेच जमा-खर्च मांडून टाकला. आक्कानं जीव दिला, देवीनं लेकरू दिलं! आता बाया एकमेकींना तो नवस सांगतात, अशी निष्ठा पाहिजे म्हणतात. मी भाऊजींना डॉक्टरांचं सगळं बोलणं समजावून सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "व्हय, असंल." मला वाटलं पटलं.

परवा, दिवाळीच्या सुट्टीत, कुरुंद्याला गेले. ज्योती बाळाला घेऊन माहेरीच आहे, तिचं करायला माझी नणंद येऊन राहिलीये. सकाळची वेळ होती. नणंदेनं चहा आणला. ज्योतीनं पेला बोटांनी उचलला नाही. दोन्ही तळव्यांच्या मधे दाबून धरला, बोटं सगळी ताठ, आणि मान खाली नेऊन ओठ पेल्याला लावले. पुडी सुरू व्हायच्या आधी आक्का चहा असाच प्यायची… हुबेहूब. मी माझा पेला खाली ठेवला.

"कवापासून गं?"

"बाळंत झाल्यापासून, काकू. सकाळीच होतंय. दुपारी मोकळे होतेत." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "लंगोटाची गाठ मारता येईना. आत्या मारून देती."

"बाळंतवात हाय," नणंद म्हणाली. "शेक दिला की जाईल. मला बी झाला व्हता."

तेवढ्यात भाऊजी बाहेरून आले. नातीला बघून हसले, टोपी काढून खुंटीला लावली आणि खिशातून कागदाची पुडी काढून ज्योतीच्या उशाशी ठेवली. तीच घडी, तोच पिवळा दोरा. मी पुडी उचलली आणि त्यांच्यापुढं धरली. मी म्हणाले, "भाऊजी, हे काय आहे? मी तुमाला काय सांगितलं होतं?"

ते माझ्याकडं खरोखरच न कळून बघत राहिले. चेहऱ्यावर लेकीची काळजी होती, दुसरं काही नव्हतं.

"तिला तकलीफ हाय म्हणून आनली," ते म्हणाले. "तुमी एवढं काहून घाबरायलात? सांधे दुखून कोन मरतंय?"

मी ज्योतीला म्हणाले, "ऊठ. बाळाचे कपडे भर."

बसमध्ये तिनं बाळाला कोपराच्या खोबणीत धरलं होतं. तिकिटाचे पैसे मी दिले, पिशवीची गाठ मी मारली. वसमत मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "काकू, आईला पन ह्याच डाक्टरकडं नेलं व्हतं ना?" मी हो म्हणाले. मग नांदेड येईपर्यंत बाळाला मी मांडीवर घेतलं.